धाब्यावरची खारी

गेल्या आखाजीची, म्हणजे अक्षय तृतीयेची, गोष्ट आहे. चोपडा तालुक्यातल्या माझ्या माहेरी आम्ही तिघे गच्चीवर झोपलो होतो. माहेरी आले की ही गच्ची हे माझे ठरलेले सुख असते. दिवसभर तापलेल्या सिमेंटवर संध्याकाळी बादल्या ओतायच्या, त्यातून निघणारी वाफ आणि ओला वास नाकात भरून घेत अंथरुणे घालायची आणि तापीकडून रात्री उशिरा सुटणाऱ्या वाऱ्याची वाट पाहत पडून राहायचे. एका कडेला आबा, मध्ये मी आणि माझ्या डाव्या हाताला नऊ वर्षांची मनू. पहिल्या झोपेतच मला तो आवाज ऐकू आला. खर्र, खर्र, थोडे थांबून पुन्हा खर्र. हा आवाज मला कितीही गाढ झोपेतून जागे करतो; मनूच्या जन्मानंतर पाचव्या महिन्यापासून माझे कान त्याला लागलेले आहेत. डोळे न उघडताच मी म्हणाले, "मनू, खाजवू नकोस गं." आवाज थांबला. मग उजवीकडून, अंधारातून, आबा अगदी हळू आणि काहीशा ओशाळल्या स्वरात म्हणाले, "मी शे बाई."

मनू शांत झोपली होती.

त्या रात्री मला पुन्हा झोप लागली नाही. ज्याच्या एका हाकेने सालदार अर्ध्या शिवारातून परत फिरत असे, तो चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस मुलीच्या झोपाळू दटावणीने हात आखडून पडला होता. त्याने उलट उत्तर दिले नाही, 'माझे अंग आहे' असे म्हटले नाही. खुलासा दिला, तोही अपराध्यासारखा. त्यानंतर गच्चीवर एकही आवाज आला नाही, आणि मला हेच असह्य झाले. बारा वर्षांचे दुखणे एका वाक्याने थांबत नसते. ते तिथेच, माझ्यापासून चार हातांवर, चादरीखाली मुठी आवळून पडून राहिले होते. मला वाटू लागले की 'खाजवू नकोस' हे वाक्य मी इतकी वर्षे मायेने म्हणत आले असेन, परंतु त्यात माझी झोपमोड होऊ नये हीही इच्छा होती, आणि कदाचित तीच अधिक होती.

आबांचे दुखणे आणि मनूचे दुखणे ही नात्याने लांबची भावंडे आहेत. दोन्हींना आमच्याकडे इसब म्हणतात, आणि घाई असली तर इसब, नायटा, गजकर्ण, खरूज हे सगळे एकाच तोंडाने म्हटले जाते. आबांना ते साठी ओलांडल्यावर लागले, बाहेरून आले, शेतातून आले. पहिल्या पावसानंतर बांधावर, पाटाच्या कडेला, उकिरड्याभोवती गाजरगवत उगवते आणि दीड-दोन महिन्यांत त्याच्यावर पांढऱ्या बारीक फुलांची चादर पडते. 1955च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आलेले हे मेक्सिकोकडचे तण आता आमच्या शिवारात आमच्यापेक्षा जुने असल्यासारखे वावरते. लोक त्याला काँग्रेस गवत म्हणतात, कोणी चटकचांदणीही म्हणतात. आबांनी आयुष्यभर ते उघड्या हातांनी उपटले. त्यांचा हिशेब साधा होता: फुलावर येण्याआधी उपटले तर पुढच्या वर्षीचे बी कमी. मग एका भाद्रपदात त्यांच्या पापण्या सुजल्या. आम्हाला वाटले, काहीतरी चावले. पाऊस सरला तसे सगळे निवळले. दुसऱ्या वर्षी पापण्यांबरोबर मान आणि कोपरांच्या खळग्याही पेटल्या, तिसऱ्या वर्षी हिवाळ्यातही उतार पडेना, आणि कपाळावरची कातडी जाड होऊन तिला नांगरटीसारख्या घड्या पडल्या.

दरम्यान उपाय चालूच होते. करंजाचे तेल झाले, कडुलिंबाच्या पाल्याचे पाणी झाले. नात्यातल्या एका म्हातारीने पायाच्या घोट्यावरच्या जाड चट्ट्यावर बिब्बा लावायला सांगितला, तापवलेल्या सुईने टोचून काढलेले त्याचे काळे तेल. दुसऱ्या दिवशी घोट्यापासून पोटरीपर्यंत फोड उठले आणि त्यांतून पाणी वाहू लागले. बघायला आलेली प्रत्येक बाई एकच वाक्य म्हणत होती, "बिब्बा उतला." पुढे कधीतरी वाचनात आले की इसबासाठी डॉक्टर जो 'एक्झिमा' हा शब्द वापरतात, तो मूळ ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ उकळून वर येणे, म्हणजे चक्क उतणे असाच आहे. कुठल्या तरी ग्रीक वैद्याने आणि आमच्या गल्लीतल्या बायांनी कातडीकडे पाहून दुधाच्या पातेल्याचीच आठवण काढावी, याचे मला नवल वाटले. बिब्बा हे आंब्या-काजूच्या कुळातले झाड आहे, आणि त्याचे तेल धडधाकट कातडीलाही पोळते. आबांच्या पोटरीवर त्याचे डाग अजून आहेत. म्हातारी बिचारी मनापासून हळहळली होती. तिच्यावर राग धरावा असे मला कधी वाटले नाही.

ज्याच्यावर राग धरावा तो वेगळाच होता. तालुक्याच्या गावी एका औषधाच्या दुकानातून आबा एक ट्यूब आणू लागले. दुकानदाराने डॉक्टरांची चिठ्ठी मागितली नाही आणि आबांनीही विचारले नाही. एकाच मलमात तीव्र स्टिरॉइड, बुरशीचे औषध आणि जंतूंचे औषध असा तो तिरंगी मेळ होता. दोन दिवसांत आग शमली, आठवड्यात चेहरा उजळला, आणि घरात ती ट्यूब देवघरातल्या अंगाऱ्यासारखी झाली. डास चावला, लाव ट्यूब. घामोळे आले, लाव ट्यूब. बंद केली की चेहरा पूर्वीपेक्षा अधिक भडके, म्हणून पुन्हा ट्यूब. दीड वर्षाने गालांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली आणि तिच्यातून लाल शिरांचे जाळे दिसू लागले. 2018मध्ये सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम कागदावर आहे आणि मलम अजूनही काउंटरवर आहे.

शेवटी धुळ्याच्या एका त्वचारोगतज्ज्ञांनी आबांना खिडकीपाशी उभे केले आणि हनुवटी वर करायला सांगितली. हनुवटीच्या खालचा भाग लाल होता. मग कानाची पाळी पुढे ओढून मागे पाहिले; तिथेही तेच. "ऊन इथे पोहोचत नाही, आजोबा. वारा पोहोचतो," ते म्हणाले. पाठीवर औषधांच्या छोट्या चकत्या चिकटवून दोन दिवसांनी काढल्या, चौथ्या दिवशी पुन्हा पाहिल्या. ते चार दिवस आबा पाठीला पाणी न लावता पालथे झोपले, आणि गाजरगवताच्या चकतीखाली तेवढा एक लाल, उंचवटलेला ठसा उमटला. गवताला हातही लावावा लागत नाही. वाळलेल्या झाडाची लव धुळीत मिसळून उडते आणि तीच पुरते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांच्यासाठी ठरावीक दिवसांनी रक्त तपासायला सांगितले, चेहऱ्यासाठी स्टिरॉइड नसलेले मलम लिहिले, आणि मग सर्वांत अवघड ते सांगितले, की शेतात जाणे कमी करा. आबांनी जमीन निम्म्या बटाईने दिली. 1984 साली बंगळुरूला हे गवत खाणारा मेक्सिकन भुंगा सोडण्यात आला होता, तो कृषी खात्याकडून आणून बांधावर सोडावा असे आबा आजही कोणाला ना कोणाला सुचवत असतात. गोळ्यांपेक्षा त्यांचा भरवसा भुंग्यावर अधिक आहे.

मनूचे तसे नाही. तिला कोणी शत्रू दाखवता येत नाही. पाच महिन्यांची असताना तिचे गाल टोमॅटोसारखे लाल झाले, चालू लागली तशी खाज कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या खळग्यांत जाऊन बसली. "घरात कोणाला दमा? सकाळी शिंका?" जळगावच्या डॉक्टरांनी विचारले, आणि मी हात वर केला. माझा लहानपणचा दमा आणि अजूनही रोज पहाटे येणाऱ्या वीस शिंका तिच्या अंगावर चट्टे होऊन उमटल्या, हे कळल्यावर कोणत्याही आईला जे वाटेल ते मला वाटले. ते वाटणे निरर्थक आहे हे मला ठाऊक आहे. तरी तिच्या अंगाला हात लावताना ते मधूनच येते.

त्या दिवशी दवाखान्यात आबा सोबत होते. डॉक्टरांनी कागदावर विटांची भिंत काढली. कातडीच्या वरच्या थरातल्या पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधली चरबी म्हणजे सिमेंट. मनूसारख्या मुलांमध्ये हे सिमेंट अपुरे पडते, त्यामुळे आतले पाणी उडून जाते आणि बाहेरची धूळ, साबण, जंतू आत शिरतात. फिलॅग्रिन नावाचे एक प्रथिन ही भिंत घट्ट ठेवते. ते बनवणाऱ्या जनुकातला दोष आणि हा आजार यांचा संबंध स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या संशोधकांनी 2006 साली दाखवून दिला. मी मान डोलावत होते. आबांनी कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "म्हणजे धाब्यावर खारी टाकतात तसं."

डॉक्टर पुण्याकडचे असावेत. त्यांना कळले नाही. मला मात्र आमचे जुने घर लख्ख दिसले. आज जिथे स्लॅब आहे तिथे तेव्हा मातीचे धाबे होते, आणि दर वर्षी मिरगाच्या आधी आबा बैलगाडीने खारी माती आणून त्यावर पसरत. वर्षभरात उन्हाने माती तडकलेली असे, पावसाने वाहून गेलेली असे, मांजरांनी उकरलेली असे. खारीचा थर बसला की पाऊस वरच्या वर पन्हाळीने निघून जाई. एखाद्या वर्षी हयगय झाली की आषाढात घरभर पातेली मांडावी लागत. धाबे एकदाचे बरे कधी होणार, असे घरातल्या कोणीही कधी विचारले नव्हते. आणि मनूच्या बाबतीत मात्र मी प्रत्येक डॉक्टरला, वैद्याला, शेजारणीला पहिला प्रश्न तोच विचारत होते: हे मुळापासून जाईल ना? मुळापासून घालवण्याची हमी देणारेही पुष्कळ भेटले. ज्यांनी ती दिली त्यांच्यावर आमचे पैसे सर्वांत अधिक गेले.

तेव्हापासून आमच्या घरी मलमाला खारी म्हणतात. आम्ही आधी तीट लावल्यासारखे बोटाच्या टोकाने मलम लावत होतो. डॉक्टरांनी सांगितले, लहान मुलाला सगळ्या अंगाला नीट लावायचे तर आठवड्याला पाव किलो लागले तरी आश्चर्य मानू नका. पाव किलो हे माप ऐकून मला भाजी बाजारात उभे असल्यासारखे वाटले. अंघोळ कोमट पाण्याची, पाच-दहा मिनिटांची. पुसताना घासायचे नाही, नुसते टिपायचे. आणि अंग पूर्ण वाळण्याआधी, दोन-तीन मिनिटांतच, खारी. साधी पेट्रोलियम जेली चालते, खोबरेलही चालते. उटण्याला मात्र दारातूनच निरोप मिळाला, आणि दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला घरभर उटण्याचा वास दरवळत असताना मनू मोरीच्या उंबऱ्यावर तेल लावून नुसती बसून राहिली, ते मला अजून खुपते. साबणाचे तेच. आमच्या विहिरीचे पाणी इतके जड की साबणाला फेस येत नाही, म्हणून आम्ही अधिक साबण चोळायचो. आता साबण फक्त काखेत आणि पायांना. माहेरी तिच्या अंघोळीचे पाणी मोरीमागच्या केळीला जाते, आणि ती केळ बघता बघता गच्चीच्या कठड्याला लागली आहे.

पुस्तकातले नियम खानदेशच्या हवेत जसेच्या तसे चालत नाहीत, हेही हळूहळू कळले. डिसेंबरात उत्तरेचा कोरडा वारा सुटला की जेलीचा जाड थर दिवसातून तीनदाही कमी पडतो, आणि तोच थर मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात लावला की त्याखाली घाम कोंडून घामोळे उठते. मग पातळ क्रीम शोधावे लागते. स्टिरॉइडच्या मलमाचे माप मात्र बारमाही तेच आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून जेवढी रेघ बसते ती साधारण अर्धा ग्रॅम, आणि तेवढे मलम दोन तळव्यांएवढ्या कातडीला पुरते. आबांच्या गालांची गत पाहिल्यावर स्टिरॉइड हा शब्द मला सापासारखा वाटू लागला होता, आणि त्या भीतीने मनूच्या भडकलेल्या चट्ट्यांना मी कित्येक दिवस नुसते खोबरेल लावत बसले. लेकराच्या कोपरातून पिवळे पाणी येईपर्यंत मी हे शहाणपण चालवले. जंतू शिरले होते. योग्य ताकदीचे मलम योग्य मापाने चार दिवस लावले असते तर ती वेळ आली नसती, असे डॉक्टर न रागावता म्हणाले. रागावले असते तर बरे वाटले असते.

वांग्याचेही सांगायला हवे. थंडीत आमच्या भागात शेताशेतांतून भरताच्या पार्ट्या होतात. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर हिरवी-पांढरी लांबडी वांगी भाजली जातात, तो धुरकट वास, मिरची-लसणाचा ठेचा, कळण्याची भाकरी. कातडीच्या दुखण्याला वांगे वर्ज्य, ही आमच्याकडची पिढीजात समजूत, म्हणून मनूला तीन हिवाळे भरीत दिले नाही. सगळी भावंडे बोटे चाटत असताना ती दही-भाकरी खात बसे. "खाल्ल्यावर काही झालं होतं का?" डॉक्टरांनी विचारले. काहीच झाले नव्हते. आम्ही झाले असते असे धरून चाललो होतो. चौथ्या हिवाळ्यात तिने भरीत खाल्ले आणि आम्ही दोन दिवस तिच्या कोपरांकडे निकाल लागणार असल्यासारखे पाहत राहिलो. कोपरे होती तशीच राहिली. तीन हिवाळे मात्र गेले ते गेलेच.

पंगतीत शेजारी बसलेल्या बाईने पदर सावरून थोडे सरकून बसणे, शाळेत हाताची साखळी करताना पुढच्या मुलीने मनूच्या हाताऐवजी बाही धरणे, हे चालूच असते. हे लागट नाही, असे सांगून माझी जीभ थकली आहे. मनू आता स्वतःच सांगते, एखाद्या पाठ केलेल्या कवितेसारखे. आबा सांगत नाहीत. ते लग्नात पंगतीच्या टोकाला, खांबाजवळ बसतात आणि म्हणतात, इथे हवा बरी लागते.

1660 साली सॅम्युएल हाफेनरेफर या जर्मन वैद्याने खाजेची व्याख्या केली होती: जी खाजवण्याची इच्छा उत्पन्न करते ती अप्रिय संवेदना. साडेतीनशे वर्षांनंतरही डॉक्टर हीच व्याख्या सांगतात. मराठीत तर खाजवणे हे क्रियापद खाजेच्याच पोटचे आहे. म्हणजे 'खाजवू नकोस' असे सांगणे हे तहानेलेल्याला पाणी आठवू नकोस म्हणण्यासारखे आहे. नखांनी होणारी बारीक वेदना खाजेला क्षणभर दाबते, म्हणून तर ते सुख इतके खरे असते. आणि ओरखडलेली कातडी पुन्हा सुजते, म्हणून ते सुख टिकत नाही. शरीरात तयार होणारे दाहशामक संप्रेरक रात्री ओसरते, पांघरुणाखाली कातडी गरम होते, आणि दिवसभर शाळेत, खेळात, शेताच्या बोलण्यात गुंतलेले मन रिकामे होते. या घरातली दोन माणसे रोज रात्री त्या रिकामेपणात एकेकटी उतरत होती, आणि मी दोघांच्या मध्ये पडून हुकूम सोडत होते.

त्या आखाजीनंतर मी ते वाक्य टाकले. सहज जमले नाही. जीभ सवयीने वळते. त्याऐवजी काय म्हणायचे हे मला आबांनीच दाखवले. एका रात्री मनू उठून बसली आणि रडकुंडीला येऊन कोपर ओरबाडू लागली, तेव्हा ते काही न बोलता उठले, माठाच्या गळ्याला गुंडाळलेले ओले फडके सोडले, पिळले आणि तिच्या कोपरावर ठेवून वरून तळव्याने दाबून धरले. माठाचा गारवा तिच्या हातात उतरत होता. "बोटं नको, तळवा," एवढेच ते म्हणाले. इतक्या वर्षांत हे त्यांनी अंधारात स्वतःवर किती वेळा केले असेल, हे मी विचारले नाही.

या वर्षीच्या आखाजीला पुन्हा गच्चीवर आलो. मनूच्या गुडघ्यांचे चट्टे बरेच फिके झाले आहेत; वाढत्या वयाबरोबर पुष्कळ मुलांचे ओसरते, असे डॉक्टर म्हणतात. आबांचे ओसरणार नाही. पाऊस यायचा आहे, बांध अजून बोडके आहेत, त्यामुळे त्यांचे हे बरे दिवस. रात्री दोन-अडीचच्या सुमारास वारा सुटला आणि मला जाग आली. खर्र, खर्र, थोडे थांबून पुन्हा खर्र. मी श्वास धरून पडून राहिले. डावीकडून की उजवीकडून, काही केल्या ठरेना. बोलायचे नाही असे ठरवले होते, म्हणून उठून माठाकडे जाण्यासाठी कोपरावर रेलले, तेवढ्यात अंधारातून आबांचा पूर्ण जागा आवाज आला.

"केळनं पान शे ते. झोप तू."